लॉर्डसाहेबांचा दत्तक

माझ्या धाकट्या भावाला मी एकदा एका इंग्रज लॉर्डला दत्तक देऊन टाकलं होतं. ही गोष्ट आजवर मी चारचौघांत सांगितलेली नाही, कारण बाळू पुढे मोठा साहेब झाला आणि त्याच्या सुनांसमोर त्याची अब्रू राखायची जबाबदारी माझी, असं त्याच्या बायकोनं परस्पर ठरवून टाकलंय. पण आता मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं. गुडघे गेले, त्यांच्या मागोमाग भीडही गेली. तेव्हा सांगून टाकते. बाळूला राग आला तर यावा, तो काही पहिल्यांदा येणार नाही.

आमचं घर तेव्हा बसवनगुडीत, बसवण्णाच्या देवळाच्या उताराला होतं. अण्णा सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. सकाळी उजाडायच्या आत कारखान्याची बस कोपऱ्यावर येऊन भोंगा वाजवी आणि अण्णा एका हातात डबा, दुसऱ्या हातात अर्धवट घातलेला बूट अशा अवस्थेत धावत सुटत. त्यानंतर घर आईचं. आई बेळगावकडची, त्यामुळे बंगळुरात दहा वर्षं काढूनही तिची भाकरी ज्वारीचीच होती, आणि ती थापायचा आवाज शेजारच्या पद्मक्कांच्या कॉफी दळायच्या आवाजात मिसळला की आम्हाला जाग येई. कुंपणावरून आईची शेंगदाण्याची चटणी तिकडे जाई, पद्मक्कांची वाफाळती हुळी, म्हणजे तिकडचं सांबार, इकडे येई. वाटी रिकामी परत करायची पद्धत दोन्ही घरांत नव्हती, त्यामुळे हा व्यवहार कधी थांबलाच नाही. घरात आम्ही मराठी बोलायचो, अंगणात कन्नड, शाळेत इंग्रजी, आणि भांडताना तिन्ही. थोरला दादा मैसूरला राहून शिकत होता. घरात मी, अकरा वर्षांची, आणि बाळू, सहाचा. बाळू म्हणजे काय चीज होती सांगू? माझी दौत त्यानं माझ्याच परकराच्या घडीत उपडी केली होती, शाई कापडात किती लांब जाते ते बघायला.

आणि होते नानाकाका. हे अण्णांचे चुलतभाऊ, त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, विधुर. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते आणि आमच्या पुढच्या खोलीत राहत. नानाकाका नऊ वर्षांचे असताना घराण्याच्या थोरल्या पातीला दत्तक गेले होते. थोरल्या पातीकडे देसगत होती, वाडवडिलांची सनद होती, चार गावांचं इनाम होतं. मूल तेवढं नव्हतं. धाकट्या पातीकडे तीन मुलगे होते. त्यातला मधला उचलून इकडे दिला, ते हे. पुढे काळ बदलला, नवा कायदा आला, इनाम गेलं, दत्तक आईवडीलही गेले. नानाकाकांकडे उरली ती एक सनद, पितळी नळीत गुंडाळलेली. पण कोणी पाहुणा आला की ताठ बसून "आम्ही दत्तक" असं म्हणत, लोक "आम्ही बी. ए." म्हणतात तसं. आई पदराआड हसायची. मी उघड हसायची.

आमच्या पलीकडच्या बंगल्यात टॉलवर्दी नावाचा म्हातारा गोरा राहायचा. चिकमगळूरकडे तीस-पस्तीस वर्षं कॉफीच्या मळ्यावर काढून, साहेबाचं राज्य गेल्यावरही तो इथंच राहिला होता. लग्न केलेलं नव्हतं. सगळी गल्ली त्याला दोरे म्हणे, म्हणजे कन्नडमध्ये गोरा साहेब, मालक. मळ्यावरच्या माणसांकडून शिकलेलं कन्नड तो असं झोकात बोलायचा की गांधी बझारातल्या फुलवाल्या बायका त्याच्याशी मुद्दाम घासाघीस करत. सकाळी पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून कोंबड्यांना दाणे टाकायचा, संध्याकाळी व्हरांड्यात नानाकाकांबरोबर कॉफी प्यायचा. दोघांचं जमायचं कसं हे कोडंच होतं, कारण रोज भांडत आणि रोज बसत.

एका दिवशी पोस्टमननं लंडनच्या वकिलाचं जाडजूड पाकीट आणलं आणि त्यावरचं नाव वाचून सायकलवरून उतरून दोरेंना सलाम ठोकला. त्यावर लिहिलं होतं, लॉर्ड वेक्सकम. दोरेंचा कुणी लांबचा चुलतभाऊ विलायतेत ऐंशीव्या वर्षी शिडीवरून पेअरची फळं काढताना पडला आणि मेला. त्याच्यामागे मुलगा नाही, म्हणून पदवी फिरत फिरत बसवनगुडीत आली होती. दोरे सहावे लॉर्ड झाले होते! पाठोपाठ महिनाभरानं जहाजातून एक पत्र्याची ट्रंक आली. तिच्यात लाल मखमलीचा पायघोळ झगा, त्याला पांढऱ्या लोकरीची किनार, आणि त्या किनारीत डांबरगोळ्यांना न जुमानणारी कसर. जमीन नाही, वाडा नाही, काही नाही. ते सगळं चौथ्याच्याच काळात संपलं होतं म्हणे. एक नाव आणि एक झगा.

त्या संध्याकाळी व्हरांड्यात दोरेंनी घराण्याचा इतिहास सांगितला. मी पायरीवर बसून ऐकत होते, बाळू कोंबडीच्या मागे होता. पहिल्या वेक्सकमला पदवी कशी मिळाली? राजा शिकारीला गेला, घोड्यावरून चिखलात पडला, मानेपर्यंत रुतला. हा तिथं होता. यानं ओढून काढलं. "पण इनाम ओढल्याबद्दल नव्हे," दोरे म्हणाले, "बाकीचे सगळे हसले, हा हसला नाही, त्याबद्दल." दुसऱ्यानं घोडे पाळले, तिसरा लढाईला गेला आणि सर्दी होऊन परत आला, चौथ्याला पाच मुली झाल्या.

"मग पाचवी कोण? थोरली?" मी विचारलं.

"मुलींना मिळत नाही. पाचवा म्हणजे पुतण्या."

"पाच असून एकीला पण नाही?"

"नाही."

मला इतका संताप आला की मी हातातला पेरू फेकून दिला. नंतर उचलून खाल्ला, ते सोडा.

नानाकाकांनी विचारलं, "आणि तुमच्यानंतर?"

दोरे पत्राची घडी घालत म्हणाले, "वकिलानं तेच विचारलंय. लग्नाच्या बायकोचा, पोटचा मुलगा आहे का? नसला तर माझ्याबरोबर पदवी संपली. दोन-अडीचशे वर्षांचं नाव, आणि संपणार इथं, कोंबड्यांत." हसले, आणि घडी घातलेलं पत्र पुन्हा उलगडून बघितलं.

नानाकाका मात्र असे खदखदून हसायला लागले की त्यांना ठसका लागला. "अहो, न्याय झाला हो न्याय! साताऱ्याला काय सांगितलंत तुम्ही लोकांनी? पोटचा मुलगा नाही, गादी खालसा! झाशीला काय सांगितलंत? दत्तक आम्ही मानत नाही, खालसा! आता घ्या. बसवनगुडीची गादी खालसा!" मांडीवर थाप मारून मारून त्यांचं धोतर सुटायची पाळी आली.  दोरे कॉफी तशीच ठेवून आत गेले.

रात्री नानाकाकांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आपण होऊन गेले आणि म्हणाले, "दोरे, काल मी जरा जास्तच बोललो. पण आमच्यात याला उपाय आहे बघा. दत्तक घ्या." आणि मग त्यांनी आपल्या दत्तकविधानाची कथा सांगितली, जी आम्ही शंभरदा ऐकली होती आणि दोरे पहिल्यांदा ऐकत होते. होम पेटवला. देणाऱ्यानं हातावर पाणी सोडलं, म्हणाला, दिला. घेणाऱ्यानं म्हटलं, घेतला. मग मुलाला मांडीवर घेऊन त्याचं डोकं हुंगलं. की झालं! साखर वाटली, डोक्यापेक्षा मोठा फेटा बांधला. "एकदा हुंगलं की संपलं. जन्माचं घर तुटलं. जन्म दिला ती आईसुद्धा काकू. परत फिरवता येत नाही. ब्रह्मदेव आला तरी नाही."

"फार शहाणपणाची रीत," दोरे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. निदान मला तसं वाटलं. त्यांना आपलं नाव संपू नये असं मनातून वाटतंय, हे मला तेवढ्यात कळलं, आणि बाकीचं माझ्या डोक्यात आपोआप शिजायला लागलं.

आता खरं सांगते, माझा हेतू काही शुद्ध नव्हता. लॉर्डचं नाव वाचवायचं होतं, हे होतंच. पण त्यात बाळू परस्पर जात होता, हे त्याहून मोठं होतं. आधी मी स्वतःलाच पुढे केलं होतं. "दोरे, मी होऊ?" तर ते म्हणाले, "अगं, मुलगी चालती तर पाच होत्या." मग राहिला कोण? नानाकाकांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठला मुलगा द्यायचा असतो हो? ते म्हणाले, एकुलता एक देऊ नये, थोरला देऊ नये. म्हणजे बाळू अगदी शास्त्रात बसत होता.

पुढच्या रविवारी दुपारी अण्णा आणि नानाकाका वामकुक्षी घेत होते, आई पद्मक्कांकडे शेवया करायला गेली होती. मी बाळूला न्हाऊ घातलं, डोक्याला चपचपीत तेल लावलं, कपाळाला गंध लावलं. "लॉर्ड होतोस का?" विचारलं. तो म्हणाला, "तिथं अंडं मिळतं?" मी म्हटलं, रोज. तो तयार.

दोरेंना मी सांगितलं, आईनं पाठवलंय. ते खुर्चीतून उठले, बाळूकडे बघितलं, आणि हसून म्हणाले, "सरी, सरी," म्हणजे कन्नडमध्ये बरं, बरं. त्यांना तो पोरांचा खेळ वाटला असणार. होम म्हणून त्यांची कोळशाची शेगडी घेतली. मी तांब्यातून पाणी सोडलं आणि मोठ्यानं म्हटलं, "दिला!" दोरे उभे राहिले, घसा साफ केला, आणि टोपी काढून म्हणाले, "घेतला." बाळूला मांडीवर बसवून त्यांनी त्याचं डोकं हुंगलं. खोबरेल तेलानं त्यांना शिंक आली. मग ट्रंकेतला झगा काढून त्याच्या अंगावर घातला. झग्यात बाळू कुठला ते शोधावं लागत होतं. साखर नव्हती, म्हणून पेपरमिंट वाटलं. मी माझ्या वाटणीचं तोंडात टाकलं आणि घरी येऊन तीन तास शांतपणे वाचत पडले. घर केवढं मोठं वाटलं म्हणून सांगू!

दिवेलागणीला आई कुंपणापाशी येऊन हाका मारायला लागली. "बाळू! ए बाळू! पाय धू चल, शुभंकरोती म्हणायची."

पलीकडच्या व्हरांड्यातून आवाज आला, "मी येणार नाही. मला दिलंय."

आई हसत गेली. मी तिच्या मागे. बाळू झगा पांघरून खुर्चीत बसला होता, ओठाला पिवळं लागलेलं.

"अंडं खाल्लंस?" आई किंचाळली.

"आमच्या घरात खातात," बाळू म्हणाला. आणि मग अगदी शहाण्यासारखं, नानाकाका म्हणतात तसं म्हणाला, "तुम्ही आता घरी जावा, काकू."

आईचा चेहरा मी अजून विसरलेली नाही. आधी तिला वाटलं थट्टा आहे. "काय म्हणालास रे?" तो पुन्हा म्हणाला, काकू. ती त्याला उचलायला पुढे झाली तर त्यानं दोरेंचा पाय धरला आणि भोकाड पसरलं, "परत घेता येत नाही! हुंगलंय!" आई तिथंच पायरीवर बसली आणि रडायला लागली. कुंपणावरून पद्मक्का, "अय्यो, काय झालं गं?" करत आल्या. अण्णा बनियनवर धावत आले. माझ्याकडे त्यांनी नुसतं बघितलं आणि मी सगळं, अगदी पेपरमिंटसकट, कबूल केलं.  बाळू गेला तर जावा असं दुपारी वाटलं होतं, पण तो आईला काकू म्हणेल हे माझ्या हिशोबात नव्हतं.

नानाकाकांना बोलावणं गेलं. आई त्यांना म्हणाली, "भावजी, तुम्हीच सांगा त्याला. हे सगळं खोटं होतं म्हणून सांगा. तुमचंच ऐकेल तो."

नानाकाका पुढे आले. बाळूसमोर वाकले. "बाळ्या, खोटं होतं हो ते. पोरीनं पाणी सोडलं, शेगडीचा होम केला, असं कुठं दत्तक होतं काय? ऊठ, आईकडे जा."

बाळूनं रडणं थांबवलं आणि विचारलं, "मग तुमचं पण खोटं?"

"माझं कसं खोटं? माझं शास्त्रोक्त."

"मग तुमची आई तुमची काकूच आहे? अजून?"

  नानाकाका पायरीवर आईशेजारी बसले. आमच्याकडे कोणाकडे न बघता म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मी पळून गेलो होतो की तिच्याकडे. बोळ ओलांडला की घर. आई आई करत आत शिरलो. ती चुलीपाशी होती. वळून म्हणाली, 'या, बसा, काकूकडे आलात होय?' पाट मांडला. पाणी दिलं. पाहुण्याला देतात तसं. तिला सांगितलं होतं सगळ्यांनी, नाहीतर पोराचा जीव तिकडे रमायचा नाही म्हणून." आणि म्हणाले, "बेचाळीस वर्षं झाली. काकूच म्हणतोय."

आम्हाला कुणालाच हे ठाऊक नव्हतं. फेटा आणि साखर तेवढी ठाऊक होती. आईनं डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला पहिल्यांदाच नानाकाकांच्या "आम्ही दत्तक"चं हसू येईना.

हे सगळं मराठीत चाललेलं, त्यामुळे दोरे गोंधळून एकेकाकडे बघत होते. अण्णांनी त्यांना कन्नडमध्ये सांगितलं. दोरे आत गेले, ते हातात वकिलाचं पत्र घेऊन आले. चष्मा लावला. बाळूसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "लॉर्ड, स्वल्प ऐकून घे. हे माझ्या राणीच्या देशाचं कायद्याचं पत्र आहे. यात काय लिहिलंय? माझी पदवी पोटच्या मुलालाच मिळते. दिलेला चालत नाही. घेतलेला चालत नाही. कितीही हुंगला तरी चालत नाही. आमच्यात आईकडून मूल काढून घेऊन दुसऱ्याचं करताच येत नाही. म्हणजे तू कधी माझा झालाच नव्हतास. तुझ्या आईचाच होतास, सकाळपासून."

"मग तुमच्यानंतर कोण?" बाळूनं विचारलं.

दोरेंनी पत्राची घडी घातली. "कोणी नाही," ते म्हणाले. "मला मुलगा नाही. माझ्यानंतर कोणी नाही." अकरा वर्षांच्या पोरीलाही त्या आवाजात कळण्यासारखं होतं. एवढे दिवस त्यांनी ते चिखलाची गोष्ट सांगून, हसून टाळलं होतं, आणि आता एका सहा वर्षांच्या पोराला आई परत मिळावी म्हणून साऱ्या गल्लीसमोर बोलून टाकलं.

बाळूनं विचार केला. "पेपरमिंट परत द्यायचं?"

"ते तुझं."

मग तो झग्यातून सरपटत बाहेर निघाला आणि "आई" म्हणून तिच्या कुशीत घुसला. तिनं त्याला आधी घट्ट धरलं, मग तोंड बघून विहिरीवर नेलं आणि अंड्याच्या नावानं राखेनं त्याचे दात घासले. मला पंधरा दिवस खेळायला बंदी झाली. शिवाय रोज संध्याकाळी दोरेंकडे आईच्या हातचं काहीतरी घेऊन जायचं, ही शिक्षा मिळाली. धपाटे, शेंगापोळी, कधी पिठलं. दोरे मिशीला पिठलं लावून खात. तशी ती शिक्षा पंधरा दिवसांत संपायला हवी होती. ते जाईपर्यंत, म्हणजे पाच-सहा वर्षं चालली. पदवी त्यांच्याबरोबर संपली. मी आता जे. पी. नगरात राहते, आमच्या लहानपणी इथं नुसती शेतं होती. नातवाला सांगितलं की बसवनगुडीत एक लॉर्ड राहायचा, तर तो फोनमध्ये शोधतो आणि म्हणतो, आजी, सापडत नाही. म्हटलं, नाही सापडायचा.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरच्या आठवड्याचं. नानाकाकांनी कधी नव्हे ती रजा टाकली आणि पुण्याच्या गाडीत बसून बेळगावला गेले. जन्मदाती अजून होती, थोरल्या मुलाकडे राहायची, सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू. चार दिवसांनी परत आले. आईनं कॉफी पुढे ठेवली आणि विचारलं, "कशा आहेत काकू?"

"काकू नाही," नानाकाका म्हणाले. "दारातनंच आई म्हणून हाक मारली. आवाजावरनं ओळखलं तिनं. काठी टेकत आली, चाचपून माझं तोंड धरलं, आणि एक थोबाडीत दिली सणसणीत. म्हणाली, 'एवढी वर्षं कुठं मेला होतास रे?'"

ते गालावरून हात फिरवत बसले. एकावन्न वर्षांचा माणूस, अगदी आनंदात. आई म्हणाली, "लागलं का हो भावजी?"

"लागायचंच की," नानाकाका म्हणाले. "दुसऱ्याच्या पोराला कोण मारतंय एवढं?"